मंजुरीचा टक्का आणि जन्मदेशाचा रकाना

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत उभं असताना इथल्या, म्हणजे न्यू जर्सीतल्या, मराठी मंडळींत हल्ली एकच वाद रंगतो. एनआयडब्ल्यूच्या, म्हणजे मालकाशिवाय स्वतःच करायच्या ग्रीन कार्डाच्या एका अर्जाच्या, मंजुरीचा टक्का कोसळला. २०२२ च्या सुमारास दहातले नऊ अर्ज पास होत होते. २०२४ च्या आर्थिक वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत निम्मेसुद्धा झाले नाहीत. एक गट म्हणतो, 'आपल्याला घालवायचंच ठरवलंय, बाकी सगळी निमित्तं.' दुसरा म्हणतो, 'बरं झालं. विकतचे पुरस्कार आणि पैसे भरून छापलेले पेपर घेऊन लोक रांगा लावत होते, आता चाळणी लागली. खऱ्या विद्वानाला कसली भीती?' तेवढ्यात आतून कुणीतरी मोदक संपत आल्याचं सांगतं आणि वाद पुढच्या घरच्या गणपतीपर्यंत तहकूब होतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. दोन्ही गट ज्या आकड्यावरून भांडतात तो आकडाच चुकीचा आहे. मंजुरीचा टक्का गुणवत्ता मोजत नाही आणि आकसही मोजत नाही. फार तर तो तापमापीचा पारा आहे, आणि ताप आहे रांगेचा. भारतात जन्मलेल्या संशोधकाचं मुख्य दुखणं अर्ज नामंजूर होण्यात नाही. अर्ज मंजूर झाल्यानंतर जे सुरू होतं, त्यात आहे. खोट्या पुरस्कारांचा बाजार आणि अधिकाऱ्यांची करडी झालेली नजर, ही दोन्ही त्याच रांगेची पोरं.

ज्यांचा या भानगडीशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नोकरीच्या आधारावर अमेरिकेत कायम राहायचं, म्हणजे ग्रीन कार्ड मिळवायचं, तर साधारणपणे मालकाने तुमच्यासाठी अर्ज करायचा असतो. पण दोन वाटांनी माणूस स्वतःच स्वतःसाठी अर्ज करू शकतो. एक ईबी-वन-ए, 'असामान्य क्षमते'ची. तिचे दहा निकष. त्यातले निदान तीन पुरे करा, नाहीतर थेट नोबेलच्या तोडीचं एखादं पारितोषिक दाखवा. दुसरी एनआयडब्ल्यू, ईबी-टू या वर्गातली. माझं काम देशाच्या हिताचं आहे, तेव्हा मालकाची आणि नोकरीची अट मला माफ करा, अशी ती विनंती. या दुसऱ्या वाटेचे नियम १९९८ पासून चांगलेच आवळलेले होते. डिसेंबर २०१६ मध्ये धनसार नावाच्या संशोधकाच्या प्रकरणात अपील कार्यालयाने ते सैल केले. कामाला मूल्य आणि राष्ट्रीय महत्त्व हवं, ते पुढे नेण्याची कुवत तुमच्यात दिसायला हवी, आणि अट माफ करण्यात देशाचा फायदा हवा, एवढ्यावर आणून ठेवले. जानेवारी २०२२ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानातल्या लोकांकडे जरा मोकळ्या मनाने पाहा अशा सूचना आल्या. वर्षभराने जादा फी भरून लवकर निकाल मिळवायची सोयही झाली.

मग जे होणार होतं तेच झालं. २०२२ च्या अखेरीस मोठ्या कंपन्यांत नोकरकपातीची लाट आली. एच-वन-बीवर, म्हणजे मालकाने मिळवून दिलेल्या तात्पुरत्या नोकरीच्या व्हिसावर, असलेल्या माणसाची नोकरी गेली तर त्याच्या हातात साठ दिवस असतात. तेव्हा मालकावर न विसंबणारी वाट ज्याला त्याला हवीशी वाटली. जिथे एरवी प्रयोगशाळेतले पोस्टडॉक दिसत, तिथे प्रॉडक्ट मॅनेजर आणि क्लाउड आर्किटेक्टही येऊन उभे राहिले. अर्जांची संख्या थोड्या वर्षांत दुपटीच्या वर गेली. आता साधं गणित करून बघा. समजा, पूर्वी शंभर अर्जांतले नव्वद पास होत आणि आता तीनशेंतले दीडशे होतात. टक्का नव्वदवरून पन्नासवर आला. माणसं मात्र साठ जास्तच आत गेली. यात ना कुणाचा आकस, ना कुणाची चाळणी. भागाकार आहे.

अर्थात सगळंच भागाकारावर ढकलणं ही लबाडी होईल. पट्टी खरोखरच वर गेली आहे. जसली फाइल तीन-चार वर्षांपूर्वी विनासायास पास होई, तसलीच आज आरएफई घेऊन, म्हणजे 'आणखी पुरावा द्या'चं पत्र घेऊन परत येते. राष्ट्रीय महत्त्व क्षेत्राचं नको, तुमच्या नेमक्या कामाचं दाखवा, असा आता आग्रह असतो. कर्करोगावरचं संशोधन महत्त्वाचं आहे हे कबूल, पण त्यातलं तुमचं कुठलं? प्रश्न रास्त आहे, मला त्यात खोट दिसत नाही. खोट दिसते ती दुसरीकडे. अशाच एखाद्या संशोधकासाठी विद्यापीठाने ईबी-वन-बीमधून, म्हणजे मालकाने संशोधकासाठी अर्ज करायच्या वाटेने, अर्ज केला, तर आजही दहातले नऊ पास होतात. विद्यापीठं आपली पक्की माणसंच पुढे करतात, हे खरं. पण तेवढ्यानेच एवढा फरक पडतो हे मला पटत नाही. संशोधन बघितलं जातं, की लेटरहेड?

आता त्या रांगेकडे येतो. माझा एक मित्र मूळचा सांगलीचा, बॅटरीच्या रसायनशास्त्रावर काम करतो. २०२४ मध्ये त्याचं एनआयडब्ल्यू मंजूर झालं, टक्का रसातळाला गेला होता त्याच सुमारास. तिकडे सांगलीत आईने पेढे वाटले. त्यानंतर दर रविवारी फोनवर त्या विचारतात, 'आलं का रे कार्ड?' आणि हा म्हणतो, 'येईल.' त्याची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत नाव लागल्याची तारीख, २०२४ ची. परराष्ट्र खात्याच्या महिन्याच्या महिन्याला निघणाऱ्या व्हिसा बुलेटिनमध्ये भारतात जन्मलेल्यांची ईबी-टूची तारीख २०२५ चं अख्खं वर्ष २०१२ आणि २०१३ मध्येच घुटमळत होती. म्हणजे बारा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्या माणसाची पाळी येते आहे. आणि बारा वर्षांनी याची येईल असंही नाही, कारण मधल्या काळात मागे जमलेली गर्दी कितीतरी मोठी आहे. नोकरीच्या आधारावरच्या रांगेत भारतीयांची संख्या, बायकामुलं धरून, दहा लाखांच्या पुढे गेली आहे. आज नव्याने शेवटी उभ्या राहणाऱ्याचा हिशेब अभ्यासकांनी मांडला तेव्हा तो शंभर वर्षांच्या वर गेला. मंजुरी म्हणजे बँकेतलं टोकन. खिडकी उघडणं ही वेगळी गोष्ट.

हे टोकन निरुपयोगी आहे असं नाही. ते असलं की एच-वन-बी सहा वर्षांच्या पुढे वाढवून मिळतो, जोडीदाराला काम करण्याची परवानगी मागता येते. पण मंडपात आपण ज्या टक्क्यावरून घसा कोरडा करतो, तो टोकनवाटपाचा टक्का आहे, एवढं तरी लक्षात घ्या. शिवाय त्याच वेळी ईबी-वनची भारताची तारीख २०२२ च्या सुरुवातीला होती. एका रांगेत आयुष्य जातं, दुसरीत तीन-चार वर्षं. मग ज्याला त्याला 'असामान्य' व्हायची घाई झाली तर नवल काय?

आणि इथे दुसऱ्या गटाचा सगळ्यात बिनतोड मुद्दा येतो. लबाडी चालते का? चालते. डोळ्यांदेखत चालते. मला स्वतःला वर्षभरात तीन ईमेल आल्या. 'आपल्या कार्याची आंतरराष्ट्रीय पुरस्कारासाठी निवड झाली आहे.' कुठलं कार्य, ते लिहिलेलं नव्हतं. महिनाअखेरीच्या आत प्रवेशिका भरली तर सवलत, आणि ट्रॉफीचं पोस्टेज वेगळं. हॅकेथॉनचे परीक्षक व्हा, म्हणजे 'इतरांच्या कामाचं मूल्यमापन' हा निकष झाला. अमुक संस्थेचे फेलो व्हा, म्हणजे 'सदस्यत्वा'चा झाला. प्रामाणिक माणसाचीही यातून सुटका नाही. शिफारसपत्रं बहुतेकदा अर्जदारच लिहितो, सही तेवढी मोठ्या प्राध्यापकांची. त्या सांगलीच्या मित्राच्या पत्राचा मसुदा मीच एका संध्याकाळी दुरुस्त केला. 'त्याच्यासारखी दृष्टी लाभलेले संशोधक विरळा' हे वाक्य त्याने स्वतःबद्दल लिहिलेलं होतं आणि मी ते वाचत असताना तो उठून चहा करायला गेला. शेवटी सात पत्रं, सहाशेच्या आसपास पानं, रंगीत टॅब लावलेली फाइल. खरी फाइल आणि खोटी फाइल सारख्याच जाडीच्या असतात, ही यातली मेख.

तेव्हा लबाडांना पकडा, जरूर पकडा. पण असला बाजार उभा कुठे राहतो? महाराष्ट्राने तो पाहिलेला आहे. एके काळी सिमेंट कोट्यावर मिळायचं. घराला माळा चढवायचा तर परमिट, परमिटासाठी चिठ्ठी, चिठ्ठीसाठी ओळख. सिमेंटच्या वाटपाचं प्रकरण न्यायालयात गेलं आणि १९८२ च्या जानेवारीत मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर सिमेंटवरचं नियंत्रण टप्प्याटप्प्याने उठलं. आज पोत्यासाठी कुणी चिठ्ठी मागतं का? सिमेंटचा काळाबाजार इन्स्पेक्टरांची संख्या वाढवून संपला, की सिमेंट मोकळं झाल्यामुळे? सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून आणायच्या नव्या एच-वन-बीवर एक लाख डॉलरची फी बसली. तेव्हापासून मालकाच्या वाटेने येणं आणखी महागलं आहे. स्वतःच्या अर्जावरचा भार यातून कमी होणार की वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

'खऱ्या विद्वानाला कसली भीती' हे वाक्य मला विशेष खटकतं, कारण त्यात विद्वान बघताक्षणी ओळखू येतो असं गृहीत धरलेलं आहे. २०१० मध्ये पोघोस काझारियन या आर्मेनियात जन्मलेल्या भौतिकशास्त्रज्ञाच्या खटल्यात न्यायालयाने अधिकाऱ्यांना बजावलं, की नियमात नसलेल्या अटी निकषांत घुसडू नका. काझारियन स्वतः हरलाच. त्या निकालावरून इमिग्रेशन खात्याने दोन पायऱ्या काढल्या. आधी निकष मोजायचे, मग सगळ्याची गोळाबेरीज करून माणूस खरंच शिखरावर आहे का ते ठरवायचं. पहिली पायरी मोजता येते, म्हणून ती विकत घेता येते. दुसरी मोजता येत नाही, म्हणून ती त्या दिवशी फाइल ज्याच्या टेबलावर पडेल त्याच्या मतावर जाते. लबाडाला पहिली सोयीची, आणि दुसरीत प्रामाणिक माणूस अडकतो.

येल्लाप्रगडा सुब्बाराव यांची फाइल अशा टेबलावर आली असती तर? भीमावरमचा हा माणूस १९२० च्या दशकात बॉस्टनला आला, पोटासाठी इस्पितळात हलकीसलकी कामं केली, हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर फॉस्फरस मोजण्याची पद्धत बसवली. पेशीतल्या ऊर्जेच्या रसायनावर मूलभूत काम केलं, आणि तरी हार्वर्डने कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते लेडर्ली या औषधकंपनीत गेले. कंपनीतला माणूस, मिरवायची हौस नाही, स्वतःच्या चमूचं श्रेय चमूला देणारा. फोलिक आम्लावरच्या त्यांच्या कामातून जी औषधं निघाली, त्यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांवरच्या उपचारांची सुरुवात झाली. हत्तीरोगावरची डीईसीची गोळी त्यांच्याच प्रयोगशाळेतली. गडचिरोली-भंडाऱ्याकडे आशाताई घरोघरी जाऊन समोर खायला लावतात, तीच ही गोळी. आता सांगा, हत्तीरोगाचं अमेरिकेला काय 'राष्ट्रीय महत्त्व'? काहीच नव्हतं, महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर त्यांच्या सैनिकांना तो रोग जडला, आणि एकाएकी आलं. संशोधनाचं महत्त्व पुष्कळदा असं मागाहून कळतं. सुब्बारावांना त्या काळी नागरिकत्व मिळणं शक्यच नव्हतं, कारण भगतसिंग थिंद यांच्या खटल्यातल्या १९२३ च्या निकालाने भारतीय 'गोरे' ठरत नव्हते. १९४६ मध्ये कायदा बदलला, तोही कसा, तर सगळ्या भारतातून वर्षाला शंभर माणसं! दोन वर्षांनी सुब्बाराव वारले, तेव्हाही ते अमेरिकेचे नागरिक नव्हते.

तो शंभरचा आकडा ऐकून आपण हसतो. पण आजची व्यवस्था त्याच घराण्यातली आहे. १९६५ च्या कायद्याने वंशावर बेतलेले जुने कोटे मोडले, ही मोठी गोष्ट होती. त्याच कायद्याने पूर्व गोलार्धातल्या प्रत्येक देशाला सारखंच वरचं टोक मात्र घालून दिलं. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावरच्या ग्रीन कार्डांचा आकडा वर्षाला १,४०,००० ठरवला. तो आजही तोच आहे. त्यात बायकामुलंही मोजतात, म्हणजे निम्म्याच्या आसपास कार्डं तिकडे जातात. आणि कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली सात टक्के. भारताला सात, आइसलँडलाही सात. प्रत्येक वस्तीला एकच टँकर, वस्ती चाळीस घरांची असो की चार हजारांची. वर त्याला समान वाटप म्हणायचं.

यातला 'जन्मलेल्यांना' हा शब्द नीट वाचा. नागरिकत्व कुठलं, याला काही किंमत नाही. माझ्या ओळखीचे दोन सख्खे भाऊ आहेत. वडील काही वर्षं आखातात नोकरीला होते, त्यामुळे थोरला पुण्यात जन्मला आणि धाकटा मस्कतला. एकच शाळा, एकच कॉलेज, दोघांकडे भारताचाच पासपोर्ट, दोघांची इथे पीएचडी. आणि पेपर थोरल्याचे जास्त. धाकट्याचं कार्ड दोन वर्षांत घरी आलं. थोरला अजून वाट बघतोय. जोडीदाराच्या जन्मदेशाच्या रांगेत उभं राहायची मुभा कायद्यात आहे, म्हणून धाकटा चेष्टेत म्हणतो, 'दादा, वहिनी काठमांडूत जन्मलेली बघायला हवी होती.' वहिनी जन्मली मिरजेत. हे दोघं एकाच ताटात जेवलेत. कुठला अधिकारी, कुठला निकष, कुठला मंजुरीचा टक्का यांच्यातला फरक समजावून सांगेल?

सात टक्क्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. एका देशातून आलेल्यांनीच सगळी दारं अडवू नयेत, हा विचार वेडगळ नाही. उद्या ही मर्यादा नुसती काढून टाकली आणि एकूण आकडा तेवढाच ठेवला, तर पुढची काही वर्षं बहुतेक कार्डं भारतीय आणि चिनी लोकांकडे जातील. आज ज्या नायजेरियन किंवा ब्राझिलियन संशोधिकेला फारसं थांबावं लागत नाही, ती आपल्या मागे ताटकळेल. आपल्यापैकी किती जण हे मोठ्याने कबूल करतात? २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात मर्यादा उठवणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी पास झालं, डिसेंबर २०२० मध्ये सेनेटने आपलं वेगळं रूप पास केलं, आणि दोन्हींचा मेळ न बसता ते तिथेच मेलं. मेळ न बसण्यामागे हा प्रश्नही होताच. म्हणून 'सात टक्के काढा' एवढीच घोषणा मला अपुरी आणि थोडी स्वार्थी वाटते. मागणी आकड्याची हवी. निदान बायकामुलांना त्या एक लाख चाळीस हजारांतून वगळा, म्हणजे कुणाच्याही ताटातलं न काढता वाटप जवळपास दुप्पट होतं.

राहिला देशाचा अधिकार. पाहुणा कोण, हे यजमानानेच ठरवावं. त्यावर माझा वाद नाही. पण माणसाला वीस वर्षं ओसरीवर बसवायचं, कर घ्यायचा, घरभाडं घ्यायचं, त्याच्या पोरीला एकविसाव्या वाढदिवसाला आईबापांच्या अर्जातून बाहेर काढायचं, आणि 'आत या' किंवा 'निघा' यातलं काहीच म्हणायचं नाही, ही यजमानकी कुठली? 'मग परत या की' म्हणणारे काका प्रत्येक मंडपात असतात. जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्यासाठी मुंबईच्या टीआयएफआर या संशोधनसंस्थेत जागा होती. आणि ते आपण होऊन आले. देशाच्या उत्पन्नातला संशोधनाचा वाटा एक टक्क्याच्याही बराच खाली ठेवायचा आणि दुसऱ्याने दार लावलं की 'घरवापसी' म्हणून टाळ्या वाजवायच्या, यात परतणाऱ्याचं काही भलं नाही.

मी हे इतक्या त्वेषाने का लिहितोय, तेही सांगतो. जून २००७ मध्ये निघालेल्या जुलैच्या व्हिसा बुलेटिनने जाहीर केलं, की नोकरीच्या जवळजवळ सगळ्या रांगा खुल्या आहेत, अर्ज करा. लोक मिळेल त्या विमानाने परतले, डॉक्टरांकडे तपासण्यांना रांगा लागल्या. २ जुलैला सांगण्यात आलं, की संपलं, अर्ज घेणार नाही. तेव्हा भारतीयांनी गांधीगिरी केली. इमिग्रेशन खात्याच्या संचालकांच्या नावाने देशभरातून फुलं पाठवली. त्यांनी ती वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे वळवली. १७ जुलैला निर्णय फिरला आणि महिनाभरासाठी खिडकी उघडली. तीस डॉलरचा गुच्छ मीही पाठवला होता, आणि त्या महिन्यात अर्जही भरला. पुढच्या वर्षी कार्ड टपालाने आलं. माझ्या नावावर तेव्हा दोन पेपर होते, दोन्हींवर पहिलं नाव गाइडचं. मी असामान्य आहे का, हे मला कुणीही विचारलं नाही.